मुलासाठी रेंजफाइंडर घ्यायचाय, कोणता घेऊ?

पत्र: माझा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला नोकरी करतो. ऑफिसातल्या मित्रांमुळे तो कंपाउंड, म्हणजे कप्प्यांचं धनुष्य शिकला आणि आता रीतसर परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जातो. आमचं घर माळकरी, त्यामुळे सुरुवातीला मला हे फार जड गेलं. आता वाद घालणं सोडलंय. सप्टेंबरात त्याचा वाढदिवस असतो आणि त्याला रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र हवंय असं सुनेकडून कळलं. आमचं बजेट 15 हजार रुपये. इथे ऑनलाइन गोल्फचे रेंजफाइंडर सात-आठ हजारांत दिसतात, ते चालतील का? आमच्या साताऱ्याच्या तिरंदाज अदिती स्वामीकडे असलं काही यंत्र दिसत नाही, मग याला कशाला लागतं? तो चष्मा लावतो. शिवाय मे महिन्यात गावी आला की शेतात शिरणाऱ्या रानडुकरांवर धनुष्य चालवून बघू म्हणतो. ते चालेल का?
– एक आई, परळ

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर लहान आहे. गावी धनुष्य चालवायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे आणि रानडुक्करही त्या कायद्याखाली येतं. पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करून नुकसानभरपाई मागायची, पुढचा निर्णय खात्याचा. तिकडचा परवाना साताऱ्यात कागदाचा कपटा आहे. आणि बाण लागून जखमी झालेलं रानडुक्कर उसात शिरलं, तर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. हे त्याला फोनवरच सांगून टाका, गावी येईपर्यंत थांबू नका.

आता अदितीचा मुद्दा. प्रश्न अगदी बरोबर विचारलात. 2023 मध्ये बर्लिनला ती जगज्जेती झाली, तेव्हा लक्ष्य किती दूर आहे हे तिला ठाऊक होतं: 50 मीटर, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले, तेही तेवढ्याच अंतरावर. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटरचं असतं. तिथे कस लागतो तो हाताच्या स्थैर्याचा आणि श्वासाचा, अंतर ओळखण्याचा नाही. फील्ड आर्चरी नावाच्या प्रकारात काही लक्ष्यांचं अंतर मुद्दाम सांगत नाहीत. पण तिथे ते ओळखणं हाच परीक्षेचा भाग असल्यामुळे अंतर मोजणाऱ्या यंत्राला मज्जाव असतो. जंगलात गोष्ट वेगळी. हरीण 18 यार्डांवर उभं राहील की 37 वर, हे आधी कोणी सांगत नाही, आणि झाडीत, उतरत्या प्रकाशात नजरेचा अंदाज सहज पाच यार्डांनी चुकतो.

तिकडे सगळं यार्डात चालतं. तुमच्या घरात कोणी शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळलं असेल तर हे आकडे त्याच्या अंगात असतील. खेळपट्टी 22 यार्डांची आणि मैदानावरचं आतलं वर्तुळ 30 यार्डांचं. धनुष्याने होणारी हरणाची शिकार बहुतांश या दोन आकड्यांच्या आसपासच होते.

पाच यार्डांच्या चुकीने काय होतं ते सांगते, कारण सगळी खरेदी यावरच ठरते. चांगल्या कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण 280 फूट वेगाने सुटतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण बंदुकीच्या गोळीच्या मानाने हा वेग फारच कमी. त्यामुळे बाण वाटेत चांगलाच खाली येतो. हरीण 35 यार्डांवर असताना 30 समजून नेम धरला, तर बाण सुमारे चार इंच खाली लागतो. धनुष्य जरा मंद असेल तर पाच इंचांहून जास्त. आणि हरणाचा जो भाग लागला तर ते लगेच कोसळतं, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं, तो आठ ते दहा इंच व्यासाचा. मध्यावर धरलेला नेम चार-पाच इंच खाली गेला की बाण त्या भागाच्या काठावर किंवा बाहेर. मग हरीण जखमी होऊन पळतं, कधी सापडतं, कधी सापडत नाही.

ताई, तुमचं घर माळकरी आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं. शिकार पटावी की पटू नये हा तुमचा प्रश्न आहे, त्यात मी बोलणार नाही. पण शिकारीच्या सगळ्या सामानात एखादी वस्तू तुमच्या हातून त्याला जावी असं मला वाटत असेल तर ती हीच. डिस्प्लेवर 46 दिसलं की समजूतदार शिकारी धनुष्य खाली घेतो. हे यंत्र नसेल तर तोच माणूस 'असेल 35' म्हणत बाण सोडून मोकळा होतो.

आता यंत्राकडे वळू. ते डोळ्याला न दिसणाऱ्या लेझरचा ठोका सोडतं, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. जाऊन-येऊन एका यार्डाचा फरक म्हणजे सेकंदाचा सहा अब्जांश भाग. एवढं सूक्ष्म मोजमाप आज शंभर डॉलरच्या यंत्रातही एका यार्डाच्या आतबाहेर बरोबर येतं, आणि एका यार्डाची चूक 30 यार्डांवर इंचभराचाही फरक पाडत नाही. म्हणून 'आमची अचूकता अर्ध्या यार्डाची' अशा जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजू नका.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा तर विसरूनच जा. 1000 यार्ड, 1400 यार्ड, हे अंतर चकचकीत पाटीसारख्या वस्तूवरून मोजलेलं असतं. हरणाच्या केसाळ अंगावरून लेझर फार कमी परततो, त्यामुळे हरणासाठीचा आकडा पुष्कळ खाली येतो, आणि तो आत कुठेतरी बारीक अक्षरांत असतो. तुमच्या मुलाला 60 यार्डांपलीकडचं काही लागणारच नाही. लांबचा नाही, जवळचा आकडा बघा: कमीत कमी किती अंतर मोजतं. पाच-सहा यार्डांपासून मोजणारं असेल तर उत्तम.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे डिस्प्ले. स्वस्त यंत्रांत अंतराचे आकडे काळ्या रंगात उमटतात. दुपारी उन्हात ते छान दिसतात. पण हरणं फिरतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. बहुतेक राज्यांत शिकारीची वेळही साधारण सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. दाट झाडीच्या काळोख्या पार्श्वभूमीवर काळे आकडे वाचता येत नाहीत. नेमकं हवं तेव्हा यंत्र मुकं. लाल प्रकाशात आकडे दाखवणारा डिस्प्ले असेल तर हा प्रश्न राहत नाही, आणि त्या प्रकाशाची तीव्रता कमी-जास्त करता यायला हवी, नाहीतर अंधारात डोळे दिपतात. तुमच्या बजेटमध्ये एकाच गोष्टीवर जास्त खर्च करायचा असेल तर तो इथे करा. यासाठी बाकीचं थोडंफार कमी चालेल.

पुढचा प्रश्न कोनाचा. बरेच शिकारी झाडावर मचाण बांधून पंधरा-वीस फूट उंचीवर बसतात. वरून खाली बघताना यंत्र तिरकं अंतर दाखवतं, पण बाणाला लागू पडतं ते जमिनीला समांतर, म्हणजे आडवं अंतर. ते नेहमी कमी असतं, मग हरीण आपल्यापेक्षा वर असो की खाली. हे आपोआप काढून देणारी सोय वेगवेगळ्या नावांनी मिळते. बुशनेलच्या यंत्रांत धनुष्यासाठी वेगळा 'बो मोड' असतो, व्होर्टेक्समध्ये 'एचसीडी', ल्यूपोल्डमध्ये 'टीबीआर'. विक्रेते हिचा फार गाजावाजा करतात. प्रत्यक्षात 20 फूट उंच मचाणावरून 20 यार्डांवरच्या हरणाचं तिरकं अंतर भरतं 21 यार्ड. फरक एका यार्डाचा. डोंगराळ भागात मात्र चित्र बदलतं: 30 अंशांच्या उतारावर 40 यार्ड दाखवत असेल तर नेम धरायचा साडेचौतीसला. मुलगा सपाट शेतांच्या कडेला बसत असेल तर ही सोय असली तर बरी, नसली तरी अडत नाही. आणि एक युक्ती त्याला सांगा: मचाणावर बसल्या बसल्या, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरच समोरच्या झाडांच्या बुंध्यांवर यंत्र रोखायचं. आडवं अंतर आपसूक मिळतं, कोनाचं गणितच करावं लागत नाही.

खरं तर चांगला शिकारी हेच करतो. उजाडल्यावर, हरीण यायच्या आधी, चारी बाजूंच्या पाच-सहा खुणा मोजून ठेवतो: हा ओक 20, ती पडलेली फांदी 27, कुंपणाचा खांब 34. मग हरीण आल्यावर हात हलवावाच लागत नाही. साधं यंत्रही या पद्धतीने वापरलं तर महागड्याची बरोबरी करतं.

आता तुमचे गोल्फवाले. अंतर मोजायचं तंत्र तेच आहे, त्यामुळे नुसतं अंतर तेही बरोबर सांगतात. पण त्यांत तीन अडचणी आहेत आणि पहिली अडचण खरोखर धोक्याची आहे. गोल्फच्या यंत्रात 'स्लोप' नावाची सोय असते. ती सांगते की चेंडू किती लांब मारावा लागेल. चढ असेल तर ती अंतर *वाढवून* सांगते, कारण चेंडू चढावर कमी जातो. बाणासाठी चढावरही अंतर *कमी* धरायचं असतं. म्हणजे टेकडीवरच्या हरणासाठी गोल्फचा 'स्लोप' बरोबर उलट्या दिशेने चुकवतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं यंत्राने कोन हिशोबात घेतलाय. गोल्फचंच घ्यायचं झालं तर ही सोय पूर्ण बंद करता येते ना, हे आधी बघा. दुसरं, झेंडा सापडला की ही यंत्रं हातात थरथरतात आणि तो आवाज शांत जंगलात वीस यार्डांवरच्या हरणाला ऐकू जाऊ शकतो. तिसरं, गोल्फचं यंत्र मुद्दाम जवळची वस्तू पकडतं, कारण त्याला मागची झाडं सोडून पुढचा झेंडा हवा असतो. शिकाऱ्याला नेमकं उलट हवं: पुढचं गवत, डहाळ्या सोडून मागचं हरीण. शिकारीच्या यंत्रांत त्यासाठी 'ब्रश' किंवा 'लास्ट टार्गेट' असा पर्याय असतो. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, सात-आठ हजारांचं गोल्फचं यंत्र सरावाच्या मैदानापुरतं ठीक, मचाणावर नको.

15 हजार म्हणजे आजच्या भावाने दीडशे-पावणेदोनशे डॉलर. यात बुशनेलची बो मोड असलेली साधी यंत्रं बसतात. लाल डिस्प्लेच्या ल्यूपोल्ड आरएक्स-1400आय किंवा व्होर्टेक्स क्रॉसफायर एचडी 1400 ची किंमत साधारण दोनशे डॉलरच्या आसपास असते, सूट लागली तर आणखी खाली येते. थोडी भर घालता आली किंवा सुनेने वाटा उचलला तर मी आरएक्स-1400आयकडे झुकेन, त्याच्या डिस्प्लेसाठी. व्होर्टेक्सची जमेची बाजू म्हणजे त्यांची आयुष्यभराची हमी, तिला बिलही लागत नाही. बाणाचा वेग भरला की वाटेतल्या फांदीला बाण अडेल का हे सुद्धा सांगणारी यंत्रं आहेत, ती याच्या दुप्पट किमतीची. त्यांच्या मागे लागू नका. धनुष्यावरच बसणारे इलेक्ट्रॉनिक रेंजफाइंडरही आहेत, ते मात्र काही राज्यांत शिकारीला चालत नाहीत. हातात धरायचंच घ्या.

मोठं करून दाखवण्याची क्षमता चार ते सहा पट पुरे. जास्त असेल तर हात थोडा हलला तरी हरीण चौकटीबाहेर जातं. चष्म्यासाठी 'आय रिलीफ' हा आकडा बघायचा, म्हणजे डोळा भिंगापासून किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. 15 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असला तर चष्मा काढावा लागत नाही. नेत्रभिंग फिरवून नंबरप्रमाणे जुळवता येतं का तेही पाहा.

विकत घ्यायचं ते तिकडच्याच दुकानातून, ऑनलाइन, थेट त्याच्या किंवा सुनेच्या पत्त्यावर. इथून घेऊन पाठवलं आणि त्यात खोट निघाली तर हमीसाठी ते पुन्हा समुद्र ओलांडून आणावं लागेल. शिवाय आपल्या हवेत पावसाळ्याचे महिने भिंगाचं यंत्र कपाटात पडून राहिलं तर भिंगाला बुरशी धरते. विस्कॉन्सिनात धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, त्यामुळे वाढदिवसाला मिळालं तर अगदी वेळेवर.

तरीही इथेच कुठलं यंत्र हातात आलं, एखाद्या नातेवाइकाने आणलं किंवा परत करण्याच्या अटीवर घेतलं, तर मुंबईत त्याची परीक्षा सहज होते. मैदानात जाऊन एका स्टंपपाशी उभं राहा आणि दुसऱ्या टोकाला उभ्या माणसावर रोखा, 21 ते 23 च्या बाहेर आकडा येता कामा नये. मग घरी खिडकीची काच उघडून ग्रिलमधून समोरच्या इमारतीच्या भिंतीवर रोखा. 'ब्रश' पर्याय लावल्यावरही ते ग्रिलचंच अंतर सांगत असेल तर डहाळ्यांमधून हरीण त्याला दिसणार नाही. काच बंद ठेवून मात्र तपासू नका, लेझर काचेवरूनच परततो. आणि तिसरी परीक्षा संध्याकाळी दिवेलागणीला, झाडाच्या गर्द सावलीकडे बघून: आकडे वाचता येतायत का? या वेळी जे यंत्र नापास होतं ते परत करा, मग त्याची बाकीची वैशिष्ट्यं कितीही असोत.

यंत्राने सगळं साधतं असंही नाही. बाण सुटल्याचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने हरणाकडे पोचतो. 40 यार्डांवर बाण पोचायला चार दशांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात दचकलेलं हरीण खाली दबून उडी घ्यायच्या बेतात असतं. अंतर अचूक असूनही बाण वरून जातो. म्हणून नवख्याने स्वतःची मर्यादा 25-30 यार्डांवर ठेवावी आणि डिस्प्लेवर त्यापेक्षा मोठा आकडा आला की थांबावं. हे सांगायला आईचा आवाज जास्त उपयोगी पडेल.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी. त्याच्याकडे मचाणावर चढताना बांधायचा अंगभर पट्टा, म्हणजे हार्नेस आहे का, हे सुनेला विचारा. तिकडच्या शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींत मचाणावरून पडणं हे फार मोठं कारण आहे. पट्टा नसेल, किंवा असून तो फक्त वर बसल्यावर लावत असेल, तर वाढदिवसाला रेंजफाइंडर नंतर, आधी पट्टा आणि चढतानापासून अडकवून ठेवायची दोरी. 15 हजारांत तेही नीट बसतं. दुसरं, विस्कॉन्सिनात 2002 पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा जीवघेणा रोग आढळतो. मांस घरी शिजत असेल तर आधी तपासणी करून घ्यायला सांगा, मुलं-बाळं असतील तर नक्कीच.

यंत्राबरोबर जास्तीच्या दोन बॅटऱ्या मागवा. बहुतेकांना सीआर2 ही लिथियमची लागते, कडाक्याच्या थंडीत ती टिकते, पण छोट्या गावात ऐनवेळी मिळत नाही. तुम्ही स्वतःच जाताना सगळं नेणार असाल, तर सुट्या बॅटऱ्या विमानात सोबतच्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.